आमची प्रत

लढाई हैदराबादेत झाली आणि घाव पडला तो तोरण्याखालच्या धनगरवाड्यावर. असं होईल म्हणून सोजराबाईला आधी कुणी सांगितलं असतं, तर तिनं त्याच्या हातात ताकाचा पेला देऊन त्याला वाटेला लावलं असतं. हैदराबाद कुठं, वेल्हं कुठं! तिची पूर्वेकडची दुनिया नसरापूरच्या बाजाराशी संपत होती, आणि पश्चिमेला डोंगराचा कडा. मधे बावीस म्हशी, नवरा बाजी, सासू आक्काबाई आणि सहा झोपड्या. एवढ्यात तिचं जग मावत होतं, आणि तिला ते पुरतही होतं.

पण एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल खोटं निघालं. त्या वर्षी भोर संस्थान विलीन झालं. खाली बाजारात लोक म्हणत, आता आपलं राज्य आलं. धनगरवाड्याला फरक कळला तो इतकाच की संस्थानची शिकार बंद पडली. बाजी त्यानं हळहळला. तो शिकारीत हाकारा करायचा. दर हिवाळ्यात निरोप आला की वाड्यातले दहाबारा गडी घेऊन रान उठवायचं, डबे बडवत, आरोळ्या ठोकत डुक्कर म्हणा, बिबट्या म्हणा, बंदुकांपुढं आणून घालायचा, हे त्याचं काम. शिकार पडली की फोटो. त्या फोटोची एक रीत होती. बडी मंडळी खुर्च्यांवर, जनावर पुढ्यात, आणि ज्यानं हाकारा झकास केला त्याच्या हातात एक रिकामी बंदूक देऊन त्याला मागं ताठ उभा करायचा. बंदूक रिकामी, पण मान भरलेला. आणि दिवाळीला, फोटोत जो जो असेल त्याला एकेक प्रत घरपोच. बाजीच्या झोपडीत खंडोबाच्या टाकाशेजारी अशा तीन प्रती टांगलेल्या होत्या. धुरानं पिवळ्या पडल्या होत्या, पण तिन्हींत बाजी बंदूक धरून, मिशीला पीळ देऊन उभा असलेला दिसत होता. पाहुणा आला की आधी फोटो, मग ताक.

हे ध्यानात ठेवावं. पुढचा सगळा घोटाळा याच रीतीतून झाला.

भोरला आनंदराव म्हणून एक गृहस्थ 'जागता पहारा' नावाचं साप्ताहिक काढत. पायानं चालवायचं एक छापयंत्र, खिळे जुळवणारे दोन जुळारी आणि शब्दांचा मात्र तोटा नाही. संस्थान होतं तोवर हे गृहस्थ दरबारी वाढदिवसाच्या कविता छापायचे. संस्थान गेलं आणि ते एका रात्रीत लोकशाहीचे पहारेकरी झाले. सरड्यालासुद्धा रंग बदलायला जरा उसंत लागते, यांना तीही लागली नाही.

भाद्रपदात निजामाशी लढाई जुंपली. निजामाच्या बाजूनं दंगा करणाऱ्या रझाकारांच्या एकेक भयंकर बातम्या पुण्याच्या दैनिकांत रोज यायच्या. त्यातल्या पुष्कळ खऱ्या होत्या, आणि त्यांत माणसं खरोखरच मेली होती. पण भोरच्या साप्ताहिकाच्या वाट्याला सगळं शिळं यायचं. आनंदरावांना स्वतःचा एक रझाकार हवा होता, जवळपासचा, चालत जाऊन बघता येईल असा. तो त्यांना तोरण्यावरच्या धुरात दिसला.

धुराचं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाद्रपदात गोमाशा म्हशींना फोडून काढतात. धनगर ओला पाला आणि गोवऱ्या पेटवून दिवसभर धूर करतो, म्हशी त्यात सुखानं रवंथ करत बसतात. वेल्ह्याच्या बाजारातून मान वर केली की तो दिसतो, आजाच्या पणज्याच्या काळापासून दिसतो. पण 'जागता पहारा'त मोठ्या टायपात आलं, 'तोरण्याच्या खांद्यावर संशयास्पद धूर! शत्रूला कोण खुणा करतो आहे?' आणि जन्मभर तो धूर बघत आलेली वेल्ह्याची माणसं अंक हातात घेऊन वर बघायला लागली. म्हणाली, अरेच्या, खरंच की, धूर आहे!

तिसऱ्या दिवशी फौजदार चार शिपाई घेऊन वाड्यावर आला. मागून धापा टाकत आनंदराव, आणि त्यांच्या मागून कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर घेतलेला भोरचा म्हातारा फोटोवाला. हाच फोटोवाला संस्थानच्या शिकारीला असायचा, त्यामुळं त्याला बघून बाजीला कोण आनंद झाला!

शिपायांनी सहाही झोपड्या उलथ्यापालथ्या केल्या. डेरे, रव्या, घोंगड्या, आक्काबाईची पानाची चंची, आणि तीन जुने फोटो. फौजदारानं फोटो बघितले, बाजीनं ते कुठले ते अभिमानानं सांगितलं, फौजदारानं जांभई दिली. धूर कशाचा ते त्याला म्हशींनीच दाखवलं. मग सगळे ताक प्यायला बसले.

आनंदरावांचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. एवढा डोंगर चढून हाती काय, तर ताक. ते इकडंतिकडं बघत होते, आणि त्यांची नजर त्या तीन फोटोंवर जाऊन थांबली.

"बाजी, एक फोटो काढू या की तुझा," ते गोड बोलले. "शिकारीच्या रीतीनं."

"काढा की!" बाजी उठलाच. "पर बंदूक न्हाई वो माज्याकडं. ती संस्थानची असायची."

"हैबतीची घे. फोटोपुरती."

हैबती म्हणजे शिपायांतला एक. उंचापुरा, बोलायला मोकळा, तिसरा पेला रिचवत बसलेला. त्यानं हसत हसत खांद्यावरची बंदूक काढली. तिचा पट्टा मधे तुटलेला होता आणि सुतळीच्या गाठीनं बांधलेला होता. सोजराबाईच्या ते लक्षात राहिलं, कारण गाठ इतकी वाईट मारलेली होती की तिच्या हाताला ती सोडून नीट बांधायची शिवशिव सुटली.

"धर, धर गड्या," हैबती म्हणाला. "आन् मिशीला पीळ दे. बायको बगतीया."

बाजी ताठ उभा राहिला. शेजारी कौतुकानं हैबती उभा, हात मोकळे सोडून, दात काढून. फोटोवाला काळ्या कापडात शिरला आणि बाहेर आला. आणि बाजीनं, रीतच ती, हाक मारून सांगितलं, "आमची प्रत द्यायची बरं का, काका! दिवाळीला!"

"देईन रे," फोटोवाला म्हणाला. "आजवर कधी चुकवलीय?"

दोन दिवसांत लढाई संपली. निजाम शरण आला, बाजारात साखर वाटली गेली. पण फोटो छापायचा ठसा पुण्याहून करून आणायला आठवडा लागतो, आणि तयार झालेला ठसा काही फेकून देता येत नाही. पुढच्या शनिवारी 'जागता पहारा'च्या पहिल्या पानावर बाजी झळकला. नुसता बाजी, हातात बंदूक, ओठांवर हसू. शेजारचा हैबती कापून टाकलेला. वर मथळा, 'निजाम पडला, पण हस्तक उरले! तोरण्याच्या रानातील रझाकारांचा सशस्त्र साथीदार.' आणि खाली आनंदरावांचा खास मजकूर, की या मनुष्याच्या चेहऱ्यावरचे निर्लज्ज हास्य पाहा.

अंक पुण्याला कुणा वरच्या साहेबाच्या टेबलावर गेला. साहेबानं फौजदाराला विचारलं, सशस्त्र माणूस समोर उभा राहून फोटो काढून घेतो आणि तुम्ही त्याला मोकळा सोडून येता? आता फौजदारापुढं दोन वाटा होत्या. बंदूक आमचीच होती म्हणून सांगायचं, आणि सरकारी हत्यार ताकाच्या पेल्यापायी दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणून हैबतीची आणि स्वतःची भाकरी घालवायची. नाहीतर बाजीला धरायचं. दुसरी वाट उताराची होती.

ते धरायला आले तेव्हा बाजीला वाटलं, प्रत घेऊन आले. तो हसतच पुढं गेला. हातात बेड्या पडल्या तरी त्याचं हसू लगेच गेलं नाही, ते चेहऱ्यावर तसंच राहिलं. सोजराबाईनं हैबतीची वाट अडवली.

"तुजीच बंदूक व्हती की रं! तूच दिलीस न्हवं? सांग की तुज्या सायबाला!"

हैबती स्वतःच्या बुटांकडं बघत राहिला. खांद्यावर तीच बंदूक होती, तोच सुतळीचा पट्टा.

"बाई, वाट सोड," तो म्हणाला. "म्या नोकरमानूस हाय."

"आन् त्यो? त्यो कोन हाय?"

हैबती तिला वळसा घालून पुढं गेला. माणूस चांगलाच होता तो, म्हणूनच त्याची तिला जास्त शिसारी आली. वाईट माणूस निदान तोंडावर वाईट असतो.

बाजीला येरवड्याला नेलं. सुरक्षेचा कायदा होता. त्यात खटला नाही, वकील नाही, साक्षीपुरावा नाही. सरकारला संशय आला की पुरे. आपलं राज्य आलं होतं ना, मग आपल्याच माणसाला कोर्टात कशाला न्यायचं?

दिवाळी आली. आक्काबाई म्हणाली, "सोजरे, त्या फोटूवाल्यानं बोली केलीवती. त्येची प्रत हाय न्हवं? त्यात त्यो मेला हैबत्या असंल की उबा, रिकाम्या हातानं."

सोजराबाई सासूकडं बघतच राहिली. वाड्यातल्या कुणालाच जे सुचलं नव्हतं ते पानाची चंची उलगडत बसलेल्या म्हातारीला सुचलं होतं. लोण्याची पाटी डोक्यावर घेऊन ती निघाली. मार्गासनीला ओळखीच्या घरी एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी नसरापूरवरून भोर.

फोटोवाल्यानं तिला दारात बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तरी आत गेला, आणि कागदात गुंडाळलेली प्रत घेऊन आला. तयारच ठेवली होती.

"मी कापला नाही हो," तो म्हणाला. "आनंदरावांनी ठसा करताना कापला. माझ्याकडनं फोटोची मूळ काच पण घेऊन गेले. ही एवढीच प्रत राहिली आहे. मी दिली म्हणून सांगू नकोस, बाई. मला याच गावात राहायचंय."

तिनं उघडून बघितलं. पुरा फोटो होता. बाजी ताठ, आणि शेजारी हैबती. डोक्यावर पोलिसाची टोपी, अंगात वर्दी, आणि दोन्ही हात मोकळे. बंदुकीच्या पट्ट्याला सुतळीची गाठ. आंधळ्यालाही कळावं की बंदूक कुणाची.

आता या ठिकाणी सोजराबाईनं एक चूक केली, आणि ती तिच्यासारखं माणूसच करील. वाड्यातली रीत अशी, की ज्यानं चार माणसांत खोटं बोल लावला त्यानंच चार माणसांत तो परत घ्यायचा. दुसऱ्या कुणी कितीही सांगितलं तरी बोल फिटत नाही. भांडण म्हशीचं असो की सुनेचं, आधी बोल लावणाऱ्याच्या दारात जायचं, पुरावा त्याच्या हातात ठेवायचा, आणि तो लाजेनं खाली मान घालतो. म्हणून ती कचेरीत गेली नाही, वकिलाकडं गेली नाही. ती थेट छापखान्यात गेली.

आनंदराव खिडकीजवळ छापून नुकताच निघालेला ओला कागद वाचत बसले होते. तिनं प्रत त्यांच्यापुढं ठेवली.

"बगा. ही बंदूक हैबतीची हाय. तुमीच द्याया सांगितलीवती. तुमी लिवलं, आता तुमीच लिवा, की चुकलं म्हनून. मानूस येरवड्यात सडतोय माजा."

आनंदरावांनी फोटो उचलला. बराच वेळ बघितला. तिला वाटलं, लाज वाटली. लाज वाटल्यावर माणूस असाच गप्प होतो, तिनं शेकडो वेळा बघितलं होतं.

"बाई, हे पान दोन कॉलमांचं असतं," ते शेवटी म्हणाले. "सगळा फोटो बसत नव्हता. म्हणून कापावा लागला. त्यात वाईट हेतू काही नव्हता."

"मंग आता सगळा बशिवा."

"बसवतो. पुढच्या शनिवारी सगळा फोटो छापतो. पुरा. शब्द देतो."

"कापायचा न्हाई."

"सूतभरही कापणार नाही. प्रत ठेवून जा, ठसा करायला लागेल."

ती प्रत ठेवून आली. परतीच्या वाटेवर तिनं नसरापूरला देवाला नारळ फोडला.

आनंदरावांनी शब्द पाळला, तेवढं म्हणायला हवं. पुढच्या शनिवारी फोटो आला, पुरा, सूतभरही न कापता. अंक वेल्ह्याला पोचला तसा एक पोऱ्या पळत तिला सांगायला आला, आणि ती तशीच शेणानं भरलेल्या हातांनी उतरून बाजारात गेली. दुकानदारानं अंक उघडून धरला होता. भोवती माणसं जमली होती.

"वाचा की," ती म्हणाली.

दुकानदार वाचायला कचरला. मग वाचलं त्यानं.

'निःशस्त्र शिपायाची मर्दुमकी! हाती काठीही नसताना बंदूकधारी हस्तकाला सामोरा गेलेला पोलीस शिपाई हैबती. त्याचे मोकळे हात आणि निर्भय हास्य पाहा. क्षणभरात झडप घालून त्याने हीच बंदूक हिसकावून घेतली. हे दुर्मीळ छायाचित्र 'जागता पहारा'ने प्राणांची पर्वा न करता मिळवले आहे.'

तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच होतं. भोवतीची माणसं फोटोत वाकून बघत होती. कुणी म्हणालं, छाती आहे हो गड्याची, रिकाम्या हातानं! कुणी म्हणालं, आणि हा बघा कसा हसतोय. ही माणसं बाजीला ओळखत होती. त्याच्या हातचं लोणी खात होती. त्याच्या पाठीवर थाप मारत होती. सोजराबाईला त्या सगळ्यांच्या तोंडाला शेण फासावंसं वाटलं, आणि शेण तिच्या हाताला होतंच. पण तिला जमलं नाही. नवऱ्याला सोडवणारा एकुलता एक पुरावा तिनं स्वतःच्या पायानं चालत जाऊन दिला होता, आणि त्याच पुराव्यानं त्याला आणखी खोल गाडलं होतं.

हैबतीला बढती मिळाली. हवालदार झाला. पुण्याला त्याचा सत्कार झाला, त्याचीही बातमी आली. बाजीची मुदत वाढली. बायका पाणवठ्यावर सोजराबाई आली की घागरी उचलायच्या. तिचं लोणी बाजारात विकेना. रझाकाराचं लोणी म्हणायचे त्याला. शेवटी ती डोंगर ओलांडून जिथं कुणी ओळखत नाही अशा गावी जाऊन लोणी विकायला लागली.

चौदा महिन्यांनी बाजी सुटला. कुणी त्याला का धरलं ते सांगितलं नव्हतं, का सोडलं तेही सांगितलं नाही. तो वाड्यावर आला तेव्हा अंगावर घोंगडी होती आणि दोन्ही हात घोंगडीच्या आत. ते नंतर बाहेर आलेच नाहीत. जेवायला आणि धार काढायला काढायचा, तेवढेच. परका माणूस दिसला की पहिली गोष्ट हात आत. वैशाखातल्या उन्हातसुद्धा. भिंतीवरचे तीन जुने फोटो त्यानं आल्या दिवशीच काढून चुलीत घातले. सोजराबाईनं अडवलं नाही.

"अवो, उकडत न्हाई का?" ती विचारायची.

"हातात काय तरी दिसतं लोकांना," तो म्हणायचा. "नको."

आणखी दोन वर्षं गेली आणि लोकल बोर्डाची निवडणूक आली. वेल्ह्याकडून उभं कोण राहावं? आनंदराव! पत्रकं निघाली. 'राष्ट्रद्रोह उघडकीस आणणारे निर्भीड संपादक.' बाजारच्या दिवशी सभा ठरली. पारावर सतरंजी, बंदोबस्ताला म्हणून हैबती हवालदार, आणि तो मुद्दाम पाराच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असा उभा केलेला. फोटोवालाही होता. आता त्याला दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

सोजराबाईनं बाजीला म्हटलं, "चला बाजारात."

"म्या न्हाई येत."

"बोलू नका तुमी. निस्तं उबं ऱ्हावा."

तो आला आणि लोकांच्या मागं एका कडेला घोंगडी लपेटून उभा राहिला.

आनंदराव तासभर बोलले. लढाईवर बोलले, शत्रूवर बोलले, शत्रू अजून आपल्यात लपलेला आहे यावर तर घसा बसेपर्यंत बोलले. हैबतीकडं हात करून म्हणाले, हा पाहा तुमच्या तालुक्याचा वाघ. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तशी सोजराबाई पुढं झाली. पदर खोचलेला, आवाज डोंगरावरून म्हशी हाकणारा.

"आनंदराव, धनगरवाड्याचा एक फोटू काढा की तुमच्यासंगं!"

आनंदराव क्षणभर चपापले. मग त्यांना दिसलं असणार, पहिल्या पानावर, चूक कबूल करून पायाशी आलेला धनगरवाडा. त्यांचा चेहरा खुलला. "या या! जरूर!" म्हणत ते पाराखाली उतरले. फोटोवाल्यानं तिकाटणं लावलं. वाड्यातली आठदहा माणसं दोन्ही बाजूंना उभी राहिली. सोजराबाईनं मागं वळून बघितलं, आणि बाजी हळूहळू येऊन अगदी टोकाला उभा राहिला, हात आत घेऊन.

फोटोवाला काळ्या कापडात शिरला. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, काका. आमच्यात रीत हाय. फोटूत मानाच्या मानसाच्या हातात बंदूक असती." ती हैबतीकडं वळली. "द्या की हवालदार. सायबांच्या हातात. फोटूपुरती."

हैबतीची अक्कल ढोपरात होती. हुकूम ऐकायची सवय इतकी अंगात मुरलेली, की त्याचा हात आपोआप खांद्याकडं गेला आणि बंदूक पुढं आली. पट्टा अजून तोच होता, सुतळीची गाठसुद्धा तीच. आनंदराव विंचू बघावा तसे दचकून मागं सरले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"छे छे! काय हे! बाजूला घ्या ती!"

"का वो? रिकामी हाय."

"मी नाही हातात धरणार!"

"निस्ती धरायची. शिकारीच्या रीतीनं. तुमीच म्हनलावता."

"अहो बाई, वेड लागलंय का?" आनंदराव ओरडले. कपाळावर घाम आला होता. "बंदूक हातात घेऊन फोटो? उद्या कुणी तो छापला तर लोक काय समजतील!"

  पुढं उभ्या असलेल्या दुकानदारानं मान वळवून टोकाला घोंगडीत उभ्या असलेल्या बाजीकडं बघितलं. त्याच्या मागोमाग आणखी चौघांनी बघितलं. मग सगळ्यांनीच.

"त्येच इचाराया आलीवती म्या तुमच्या छापखान्यात," सोजराबाई म्हणाली. "तीन वरसं झाली. आत्ता सांगितलंत."

हैबती बंदूक तशीच पुढं धरून उभा होता, कुणी घेईना म्हणून. तिनं त्याच्याकडं बघितलं.

"आन् तू रं, वाघा? तुजी बंदूक तवा कुनी हिसकावून घेतली, त्ये सांग की ह्यांना."

 हैबतीनं मान खाली घातली. इतक्या लोकांसमोर घातली, आणि वर काढली नाही. टोकाला बाजीच्या अंगावरची घोंगडी सैल झाली होती, कधी झाली ते त्यालाही कळलं नाही.

खट्ट असा आवाज झाला. म्हातारा फोटोवाला काळ्या कापडातून बाहेर आला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. काच काढली, कापडात गुंडाळली, आणि आनंदराव "ए! ती इकडं दे!" म्हणून ओरडत असताना तो तिकाटणं तिथंच टाकून चालायला लागला. ह्या खेपेला त्यानं काच कुणाला दिली नाही.

आनंदराव निवडून आले. खोटं कशाला सांगा? वेल्ह्याच्या पेटीत त्यांना मतं पडली नाहीत, पण बाकी सगळीकडं 'जागता पहारा' पोचला होता आणि हा बाजार पोचला नव्हता. त्या आठवड्याच्या अंकात सभा प्रचंड उत्साहात पार पडली असंच छापून आलं. हैबतीची बदली झाली. लोणी विकायला सोजराबाई पुन्हा वेल्ह्याच्या बाजारात बसायला लागली. लोक घ्यायचे, आणि घेताना जरा जास्तच गोड बोलायचे. ती त्यांच्याशी गोड बोलायची नाही. तिनं त्यातल्या एकालाही आजवर माफ केलेलं नाही.

दिवाळीला फोटोवाला स्वतः डोंगर चढून आला. फोटोत जितकी माणसं, तितक्या प्रती. त्यानं त्या एकेकाच्या हातात दिल्या, ताक प्याला आणि गेला. आनंदरावांची प्रत मात्र त्यानं नाव न घालता भोरला त्यांच्या दाराच्या फटीतून आत सारली होती म्हणे.

बाजीनं आपली प्रत घेतली नाही. हात आतच होते. सोजराबाईनंच ती त्याच्या डोळ्यांपुढं धरली. मधे पाठीमागं हात लपवलेले आनंदराव. त्यांच्यापुढं बंदूक घेऊन मान खाली घातलेला हैबती. बाजीनं फोटोच्या कडेपर्यंत नजर नेली.

"ह्यो टोकाला कोन?"

"तुमी."

बाजीनं वाकून आणखी जवळनं बघितलं. फोटोतल्या त्या माणसाची घोंगडी खांद्यावरून घसरली होती आणि दोन्ही हात उघडे, खाली सोडलेले दिसत होते.

"ह्येच्या हातात काय न्हाई की गं," तो म्हणाला.

"न्हाई," सोजराबाई म्हणाली. "कायबी न्हाई."

त्यानं घोंगडीतून एक हात बाहेर काढला आणि फोटो धरला.